कागद पाहिला, हात झटकले



अमेरिकेतल्या बेकायदा स्थलांतराविषयी आपण बोलतो तेव्हा डोळ्यांपुढे सीमा येते. भिंत, वाळवंट, दलालांचा चोरटा डंकी मार्ग, आणि ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेलं ते लष्करी विमान. त्यातल्या १०४ भारतीयांत गुजरात, हरयाणा आणि पंजाबचे लोक सर्वाधिक होते. महाराष्ट्रातलेही तिघे होते. त्यांना बेड्या घालून आणलं यावर संसदेत गदारोळ झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मात्र या सगळ्या चित्रात एक माणूस कधीच दिसत नाही. तो सीमा ओलांडत नाही, त्याला बेड्या पडत नाहीत, त्याचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही. तरीही त्याच्या दारात काम नसतं, तर ही माणसं जमिनी विकून आणि दलालाला पैसे मोजून निघालीच नसती. तो माणूस म्हणजे काम देणारा मालक. आजचं व्याख्यान त्याच्याविषयी आहे, आणि त्याला जबाबदार धरण्यासाठी अमेरिकेने केलेल्या कायद्याविषयी.

तो कायदा झाला १९८६ साली, म्हणजे त्याला चाळीस वर्षं होत आली. तो फसला याविषयी अमेरिकेत डावे-उजवे दोघांचंही एकमत आहे, आणि त्या देशात अशी एकमतं फार उरलेली नाहीत. का फसला, याचं रूढ उत्तर ‘अंमलबजावणी ढिली पडली’ हे आहे. मला हे उत्तर अर्धंच खरं वाटतं. ढिलाई होतीच, पण जेव्हा जेव्हा अंमलबजावणी कडक झाली, तेव्हा मार बसला तो कामगाराला. याचं कारण कायद्याच्या रचनेतच आहे. मालकाला वेसण घालायला निघालेल्या या कायद्याची दोरी शेवटी मालकाच्याच हातात राहिली आणि वेसण कामगाराच्या नाकात बसली. हे कसं झालं ते पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ नावाच्या सरकारी योजनेखाली मेक्सिकोतून शेतमजूर आणले जात. बावीस वर्षांत असे पंचेचाळीस लाखांवर करार झाले. करारात मजुरी, निवास, प्रवास यांच्या अटी असत, म्हणून कराराबाहेरचा मजूर मालकाला आणखी स्वस्त पडे. १९५२ साली अमेरिकी काँग्रेसने स्थलांतराचा मोठा कायदा केला. बेकायदा आलेल्या परकीयाला आसरा देणं किंवा दडवून ठेवणं हा त्याने गंभीर गुन्हा ठरवला आणि त्यालाच एक परंतुक जोडलं: अशा माणसाला नोकरी देणं, आणि नोकरीच्या अनुषंगाने जे नेहमीचं काही करावं लागतं ते करणं, म्हणजे आसरा देणं नव्हे. टेक्सासच्या शेतमालकांच्या दबावामुळे आलेलं म्हणून ते ‘टेक्सासचं परंतुक’ या नावाने ओळखलं जातं. कायदे करणाऱ्यांनी इतक्या उघडपणे आपलं मन क्वचितच लिहून ठेवलं असेल. माणूस बेकायदा, त्याचा घाम कायदेशीर. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, सीमा-दलाने मेक्सिकन मजुरांची मोठी धरपकड केली. ज्यांच्या शेतांतून त्यांना उचललं, त्या मालकांवर बोट ठेवण्याची सोय कायद्यात नव्हतीच.

हे परंतुक चौतीस वर्षं टिकलं. मधल्या काळात कॅलिफोर्नियाने १९७१ साली स्वतःचा कायदा करून मालकांना दंड ठेवला आणि १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा तो अधिकार मान्य केला. १९८१ साली फादर थिओडोर हेसबर्ग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने सांगितलं की मालकांवर कारवाई, आधीपासून राहणाऱ्यांना कायदेशीर दर्जा आणि सीमेवर बंदोबस्त या तिन्ही गोष्टी एकत्रच कराव्या लागतील. वायोमिंगचे सेनेटर ॲलन सिम्पसन आणि केंटकीचे प्रतिनिधी रोमानो मझोली यांनी पाच वर्षं खटपट केली आणि ६ नोव्हेंबर १९८६ रोजी अध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली. व्यवहार सरळ होता. सुमारे २७ लाख लोकांना कायम राहण्याचा हक्क मिळाला, आणि त्या बदल्यात बिनपरवाना माणसाला जाणूनबुजून कामावर ठेवणं यापुढे बेकायदा ठरलं.

या कायद्याचं सगळं रहस्य ‘जाणूनबुजून’ या शब्दात आहे. उद्योगपतींच्या संघटना म्हणाल्या, आम्ही व्यापारी आहोत, फौजदार नाही. माणूस खरा कोण हे आम्ही कसं शोधणार? लॅटिनो संघटना म्हणाल्या, दंडाच्या भीतीने मालक गव्हाळ रंगाच्या आणि स्पॅनिश आडनावाच्या प्रत्येकालाच दारातून परत पाठवतील. नागरी स्वातंत्र्यवादी आणि कट्टर उजवे या दोघांनाही राष्ट्रीय ओळखपत्र नको होतं. त्यात त्यांना पोलिसी राज्याची चाहूल लागत होती. (आधार कार्ड खिशात घेऊन फिरणाऱ्या आपल्याला ही धास्ती गंमतीची वाटेल. ती तशी नाही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.) यातली एकही भीती खोटी नव्हती. सगळ्यांचं समाधान करता करता जे उरलं ते असं: कामावर घेताना मालकाने ‘आय-९’ नावाचा अर्ज भरायचा, कामगार दाखवील ती कागदपत्रं पाहायची, आणि ती सकृतदर्शनी खरी वाटत असतील तर स्वीकारायची. कोणती कागदपत्रं दाखवायची ते यादीतून कामगारानेच निवडायचं. मालकाने जास्त कागद मागितले किंवा अमुकच कागद आण म्हटलं, तर तोही १९९० पासून भेदभाव धरला जाऊ लागला. अर्ज नीट भरला असेल तर मालकाने सद्भावनेने वागल्याचं मानलं जाईल.

यातून काय होणार हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको होता. खोट्या कागदांचा बाजार उभा राहिला. लॉस एंजेलिसच्या मॅकआर्थर पार्कच्या आसपास सोशल सिक्युरिटी कार्ड आणि ग्रीन कार्ड विकणारे फेरीवाल्यासारखे उभे राहू लागले. कामगाराने कागद विकत घ्यायचा, मालकाने तो पाहायचा, अर्जावर सही करायची आणि हात झटकायचे. कागद खोटा आहे हे दोघांनाही ठाऊक असलं तरी कायद्यापुढे दोघांची स्थिती एकसारखी नव्हती. खोटा कागद दाखवणं हा कामगाराचा स्वतंत्र गुन्हा होता; तो खरा वाटल्याचं सांगणं हा मालकाचा बचाव होता. म्हणजे १९८६ पूर्वी ज्याचा दोष फक्त इथे असण्यापुरता होता, त्याला या कायद्याने पोट भरण्यासाठी फौजदारी गुन्हा करायला लावलं आणि त्या गुन्ह्याचा पुरावा मालकाच्या कपाटात जमा केला. भेदभावाची भीतीही खरी ठरली. काँग्रेसच्याच लेखापरीक्षण संस्थेने १९९० साली अहवाल दिला की या कायद्यामुळे नोकऱ्यांत व्यापक भेदभाव सुरू झाला आहे. त्या अहवालानंतरही मालक-दंडाची पद्धत कायम राहिली.

या सापळ्याची दोन्ही टोकं एकाच कंपनीच्या वाट्याला आल्याचं उदाहरण आहे. ‘स्विफ्ट’ ही मांस कापून पॅकबंद करणारी मोठी कंपनी. कामगारांची कागदपत्रं ती जरा जास्तच खोलात जाऊन तपासते, परकीय दिसणाऱ्यांना जास्त प्रश्न विचारते, म्हणून न्याय खात्याने तिच्यावर भेदभावाचा दावा लावला होता. तो २००२ साली सुमारे दोन लाख डॉलरवर मिटला. पुढे १२ डिसेंबर २००६ रोजी त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याने कंपनीच्या सहा कारखान्यांवर एकाच दिवशी धाड घालून तेराशेच्या आसपास कामगार पकडले. कंपनी त्या वेळी सरकारची संगणकीय पडताळणी वापरत होती आणि पकडलेले कामगार त्या चाळणीतून रीतसर आत आलेले होते. चाळणी खोटा सोशल सिक्युरिटी क्रमांक पकडते. दुसऱ्या जिवंत माणसाचा खरा क्रमांक वापरला तर तिला काही कळत नाही. कंपनीवर आरोप ठेवले गेले नाहीत, आणि कायद्याच्या अक्षराप्रमाणे ते बरोबरच होतं. मला दिसतं ते एवढंच की खरोखर तपासणारा मालक आणि नुसताच कागद पाहणारा मालक यांत कायदा फरक करू शकत नाही. असलाच तर खरोखर तपासणाऱ्याला जास्त धोका आहे.

आता पोस्टव्हिलकडे वळू. आयोवा राज्यातलं हे गाव जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं. तिथे ‘ॲग्रिप्रोसेसर्स’ हा ज्यू धर्माच्या नियमांनुसार मांस बनवणारा मोठा कारखाना होता. १२ मे २००८ रोजी तिथे धाड पडली आणि ३८९ लोक पकडले गेले. बहुतेक ग्वाटेमालाचे, कित्येकांची मातृभाषा स्पॅनिशही नव्हती. वॉटर्लू शहरातल्या जनावरांच्या प्रदर्शनाच्या आवारात तात्पुरती न्यायालयं थाटली गेली. दहा-दहा जणांना साखळदंड बांधून न्यायाधीशासमोर उभं केलं आणि काही दिवसांत पावणेतीनशेच्या आसपास लोकांना शिक्षा झाल्या, बहुतेकांना पाच महिने कैद. ओळख चोरण्याच्या मोठ्या गुन्ह्याचा धाक घालून लहान गुन्हा कबूल करून घेण्याची ही युक्ती होती. या धाकामागचं कायद्याचं कलमच चुकीच्या अर्थाने वापरलं जात होतं असं पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं: वापरलेला क्रमांक खऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. तोवर पोस्टव्हिलचे कामगार शिक्षा भोगून ग्वाटेमालाला रवाना झाले होते.

धाड पडली तेव्हा त्या कारखान्यात बालमजूर आहेत का याची आयोवाच्या कामगार खात्याकडून चौकशी चालू होती. खात्याच्या हिशेबाने अल्पवयीन कामगार ५७ निघाले. पण साक्षीदार कोण? कामगारच. ते तुरुंगात किंवा परदेशी. बालमजुरीच्या खटल्यातून कारखान्याचा चालक २०१० साली निर्दोष सुटला. परवाना नसलेल्यांना कामावर ठेवल्याचे आरोप केंद्र सरकारने आधीच मागे घेतले होते. त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली ती बँकेला फसवल्याबद्दल, आणि अध्यक्ष ट्रम्प यांनी २०१७ साली ती कमी करून त्याला सोडलं. बँकेच्या पैशांचा हिशेब न्यायालयाने पैपर्यंत मांडला. कामगारांच्या न दिलेल्या मजुरीचा आणि जादा तासांचा हिशेब धाडीच्या धुरळ्यात राहून गेला.

पोस्टव्हिलला अपवाद म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण त्याआधी सहा वर्षं सर्वोच्च न्यायालयाने तोच तर्क कायद्याच्या भाषेत मांडला होता. ‘हॉफमन प्लास्टिक’ खटला, २००२. युनियन बांधायला मदत केली म्हणून कंपनीने कामगारांना काढलं. ते बेकायदा होतं याबद्दल वाद नव्हता. त्यांतला एक कामगार बिनपरवाना निघाला. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं की त्याला बुडालेलं वेतन देता येणार नाही, कारण १९८६ च्या कायद्याने ते काम करण्याचा त्याला अधिकारच नव्हता. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी विरोधी मतात साधी गोष्ट दाखवून दिली की यामुळे कायदा मोडणाऱ्या मालकाचाच खर्च कमी होतो. युनियन करणारा कामगार परवानाधारक असेल तर त्याला काढण्याची किंमत मोजावी लागते, बिनपरवाना असेल तर नाही. मग हिशेबी मालक कोणाला कामावर ठेवील? मालकाला परावृत्त करायला केलेल्या कायद्यातून न्यायालयाने त्याला सवलत काढून दिली.

अंमलबजावणीच्या ढिलाईकडे आता येऊ, कारण तिचे आकडे चक्रावणारे आहेत. १९९९ साली देशभरात मालकांना दंडाच्या ४१७ नोटिसा निघाल्या होत्या. २००४ साली निघाल्या तीन. आणि सिरॅक्यूज विद्यापीठातल्या संशोधन केंद्राने सरकारी नोंदींतून दाखवलं की एप्रिल २०१८ ते मार्च २०१९ या वर्षात बिनपरवाना माणसं ठेवल्याबद्दल देशभरात अकरा व्यक्तींवर फौजदारी खटले भरले गेले, आणि कंपनी एकही नाही. ही ढिलाई आळसाची नव्हती. १९९८ मध्ये जॉर्जियातल्या विडेलिया कांद्याच्या ऐन काढणीत अधिकाऱ्यांनी शेतांवर धाडी घातल्या, तेव्हा त्या राज्याच्या खासदारांनीच वॉशिंग्टनला तक्रारीची पत्रं लिहिली. सीमेवर कडक बंदोबस्त हवा म्हणणारेही त्यांत होते. पुढच्या वर्षी नेब्रास्कातल्या मांस कारखान्यांत धाड न घालता नुसते हजेरीपट मागवून तपासले, तर हजारो कामगार कामावर यायचे बंद झाले. जनावरांचे भाव पडतील म्हणून पशुपालकांनी ओरड केली आणि ती मोहीम गुंडाळण्यात आली. कांदा शेतात सडला की कायद्याचं राज्य आठवेनासं होतं. कांद्याने सरकारं हलतात हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

पण कडक अंमलबजावणीचा काळही येऊन गेला. २००९ पासून ओबामा सरकारने धाडी कमी केल्या आणि मालकांचे आय-९ अर्ज तपासण्यावर भर दिला. कागदावर हे धोरण नेमकं मालकाकडे वळलेलं होतं. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ‘अमेरिकन ॲपरेल’ या कपडे कारखान्याला नोटीस गेली आणि सुमारे अठराशे कामगारांना घरी जावं लागलं. त्या धंद्यात बऱ्यापैकी मजुरी देणारा म्हणून हा कारखाना ओळखला जाई. तिथून निघालेल्या शिलाई कामगाराला पुढचं काम कुठे मिळणार? जिथे कागद विचारत नाहीत, मजुरी नगावर मिळते आणि ती बुडाली तर विचारायला कोणी नसतं, अशा माळ्यावरच्या खोलीत. तपासणी जितकी चोख, तितका कामगार खाली ढकलला जातो आणि खालच्या पायरीवरच्या मालकाला तितका स्वस्त मिळतो.

ही खालची पायरी मोठ्या कंपन्यांनी स्वतःच बांधली आहे. जोखीम कागदाची असेल तर कागद दुसऱ्याकडे ठेवावा, हे कोणालाही सुचेल. २००३ साली ‘वॉलमार्ट’च्या २१ राज्यांतल्या ६१ दुकानांत रात्री फरशी पुसणारे अडीचशेच्या आसपास कामगार पकडले गेले, ते सफाईच्या ठेकेदारांचे होते. कंपनीने २००५ साली १ कोटी १० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, आणि फौजदारी आरोप झाले ते ठेकेदारांवर. झाडं तोडणाऱ्या ‘ॲस्प्लंड’ कंपनीने २०१७ साली साडेनऊ कोटी डॉलर भरले, स्थलांतराच्या प्रकरणात एवढा मोठा दंड पूर्वी कधीच झाला नव्हता. तिथे तर वरच्या व्यवस्थापनाने कामगारभरती मुद्दाम खालच्या फोरमनवर सोडून स्वतः डोळे मिटून घेतले होते असं सरकारचं म्हणणं होतं, आणि कंपनीने गुन्हा कबूल केला. ऊसतोडीचा मुकादम ज्यांना माहीत आहे त्यांना ही रचना नवी वाटणार नाही. कारखान्याचा करार मुकादमाशी, उचल मुकादमाच्या हातात, आणि कोयत्यामागच्या जोडप्याचं नाव कारखान्याच्या वहीत शोधून सापडत नाही. आपल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने निदान तत्त्व म्हणून एवढं मान्य केलं की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी. पाळलं किती गेलं याबद्दल बोलायला नको. तत्त्व मात्र योग्य आहे. कॅलिफोर्नियाने तशीच तरतूद केली ती २०१४ साली.

यातून मला सुचतं ते धोरण असं. राज्यसंस्थेने मालकाला विचारायचा पहिला प्रश्न ‘तुझा कामगार कोण आहे?’ हा नसावा. ‘तू त्याला काय दिलंस, किती तास राबवलंस, कोणत्या यंत्रावर उभं केलंस?’ हा असावा. मजुरी बुडवणं, जादा तासांचे पैसे न देणं, अपघात दडवणं यांसाठीचा दंड मालकाची बचत पुसून टाकील इतका हवा, आणि ठेकेदारांची साखळी ओलांडून वरच्या कंपनीपर्यंत पोचायला हवा. आज बिनपरवाना माणूस जाणूनबुजून ठेवल्याचा पहिल्या वेळचा दंड माणशी सुमारे सातशे ते पावणेसहा हजार डॉलर आहे. मोठ्या कंपनीला तो धंद्याचा किरकोळ खर्च वाटतो. आणि तक्रार करणारा कामगार तक्रारीमुळेच हद्दपार होणार नाही, याची हमी हवी. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने कामगार-तक्रारीत साक्ष देणाऱ्यांना तात्पुरतं संरक्षण देणारी पद्धत सुरू केली होती. ती कायद्यातली नव्हती, प्रशासनाच्या मर्जीतली होती. मजुरी आणि तास पाहणाऱ्या केंद्रीय निरीक्षकांची संख्या आज एक हजारही नाही आणि देशात कामगार सोळा कोटींच्या वर आहेत. सरकारने पैसा कुठे घालायचा ते यावरून दिसतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो चांगल्या पडताळणीचा. ‘ई-व्हेरिफाय’ ही संगणकीय पडताळणी सर्वांना सक्तीची करा, प्रश्न मिटेल. ॲरिझोनाने २००८ पासून तसं केलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर परिणाम झाला. कॅलिफोर्नियातल्या एका धोरण-संस्थेच्या अभ्यासानुसार त्या राज्यातली बिनपरवाना लोकसंख्या सुमारे ९२ हजारांनी घटली. म्हणजे कायदा निरर्थक होता असं मला म्हणता येत नाही. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की राहिलेल्यांपैकी बरेच जण नोकरीतून निघून ‘स्वयंरोजगारात’ गेले. हा शब्द ऐकायला छान आहे. त्याचा अर्थ असा की कालचा कामगार आज कागदावर ठेकेदार झाला, आणि किमान वेतनाचं संरक्षणही गेलं. सरकारने स्वतः नेमलेल्या मूल्यमापकांनी २००९ साली सांगितलं की या पडताळणीतून गेलेल्या बिनपरवाना कामगारांपैकी सुमारे ५४ टक्के पास होत होते. आणि संगणकाची चूक झाली तर तिचा फटका जन्माने अमेरिकन असलेल्यापेक्षा बाहेर जन्मलेल्या, पण पूर्ण कायदेशीर असलेल्या माणसाला जास्त बसतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: बिनपरवाना कामगाराला संरक्षण दिलंत तर आणखी लोक येतील आणि गरीब अमेरिकन कामगाराच्या पोटावर पाय येईल. हा आक्षेप वंशद्वेष्ट्यांचाच आहे असं समजू नये. सेझार चावेझ यांची शेतमजूर संघटना संप फोडायला आणलेल्या बिनपरवाना मजुरांविरुद्ध लढली होती. देशातल्या कामगार संघटनांच्या महासंघाने, एएफएल-सीआयओने, १९८६ च्या कायद्याला पाठिंबा दिला होता तो याच भावनेने. त्याच महासंघाने फेब्रुवारी २००० मध्ये भूमिका उलटी फिरवून मालक-दंडाची ही पद्धत रद्द करा अशी मागणी केली. चौदा वर्षांच्या अनुभवाने त्यांना कळलं होतं की युनियनच्या मतदानाच्या आधी मालकाला अचानक आय-९ अर्जांची आठवण होते. स्थानिक कामगाराची मजुरी पडते ती शेजारी कोणी परदेशी उभा आहे म्हणून कमी आणि त्याला तोंड उघडता येत नाही म्हणून जास्त. तो गप्प राहतो तोवर मालकाला तोच हवा असतो. २००९ साली न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसमधल्या ४,३८७ अल्पवेतनी कामगारांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यांतल्या २६ टक्क्यांना आधीच्या आठवड्यात किमान वेतनाहून कमी मिळालं होतं. त्यांत अमेरिकन नागरिकही होते. आता कोणी म्हणेल की मजुरी सारखी झाली तरी काही कामांना स्थानिक माणूस मिळणारच नाही. खरं आहे, शेतात तर नक्कीच. मग ते काम करायला कायदेशीर वाट काढा, म्हणजे मालकाची निकड उघड होईल आणि तिची किंमत ठरवता येईल.

फक्त ती वाट एकाच मालकाच्या दावणीला बांधलेली नको. याचा पुरावा आपल्याच लोकांनी सोसला आहे. कत्रिना वादळानंतर मिसिसिपी आणि टेक्सासमधल्या ‘सिग्नल इंटरनॅशनल’ या जहाज-दुरुस्ती कंपनीने पाचशेच्या आसपास भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर नेले; भरती करणाऱ्या दलालांत मुंबईची एक फर्म होती. माणशी हजारो डॉलर घेऊन ग्रीन कार्डचं आश्वासन दिलं गेलं, हाती पडला तो फक्त त्या एका मालकापुरता हंगामी व्हिसा, आणि एकेका खोलीत चोवीस माणसं. हे सगळे पूर्णपणे परवानाधारक होते. काम सोडलं की परवाना संपणार, हे त्यांना आणि मालकाला दोघांनाही ठाऊक होतं. २००८ साली त्यांनी काम सोडून मोर्चा काढला, आणि २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पाच कामगारांना एक कोटी चाळीस लाख डॉलर भरपाई दिली. आय-९ अर्ज तपासला असता तर त्या तळावर एकही दोष निघाला नसता.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात एच-१बी व्हिसावर राहणारी मराठी कुटुंबं ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी आहेत, कारण एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. त्यांनी चिडून म्हणावं की आम्ही नियम पाळले आणि सूट मात्र न पाळणाऱ्यांना, तर त्यात गैर काही नाही. पण मी सूट मागत नाही. मालकाची सूट काढून घ्या म्हणतो. आणि कागदाची शिस्त सगळीकडे सारखी लागत नाही, हेही त्याच वस्तीला ठाऊक असायला हवं. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या ‘इन्फोसिस’ने २०१३ मध्ये अल्पकालीन व्हिसांचा वापर आणि आय-९ अर्जांतल्या त्रुटी या प्रकरणी ३ कोटी ४० लाख डॉलर देऊन अमेरिकी सरकारशी दिवाणी तडजोड केली. व्हिसांच्या गैरवापराचे आरोप कंपनीने फेटाळले होते. तडजोड कायदेशीर होती आणि तिथे कोणाच्या पायात साखळी पडली नाही. पडावी असं मी म्हणत नाही. पोस्टव्हिलच्या कसायांना मात्र ती पडली.

एक गोष्ट राहिली. या व्यवस्थेचा फायदा मालकाला होतो तसा सरकारलाही. उसन्या क्रमांकावर काम करणाऱ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचा हप्ता कापला जातोच, पण निवृत्तिवेतन मागायला तो कधी येत नाही. त्या खात्याच्याच गणिततज्ज्ञांच्या अंदाजाने २०१० या एका वर्षात अशा कामगारांमुळे निधीत निव्वळ सुमारे १२ अब्ज डॉलरची भर पडली.

१० जून २०२५ रोजी नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात ‘ग्लेन व्हॅली फूड्स’ या मांस कारखान्यावर धाड पडली आणि सत्तरहून जास्त कामगार नेले गेले. कारखाना ई-व्हेरिफाय वापरत होता. आणखी काय करायला हवं होतं, असं त्याचे चालक पत्रकारांना विचारत होते. स्विफ्टच्या धाडीला तोवर साडेअठरा वर्षं झाली होती. दोनच दिवसांनी खुद्द अध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीर केलं की या मोहिमेमुळे शेतकऱ्यांची आणि हॉटेलवाल्यांची जुनी, चांगली माणसं जात आहेत असं त्यांचं म्हणणं आहे. शेतांवरच्या आणि हॉटेलांतल्या धाडी थांबवण्याची सूचना निघाली आणि आठवडा उलटायच्या आत ती मागेही घेतली गेली. ओमाहाच्या कारखान्यात तोवर रिकाम्या जागांसाठी नवे उमेदवार येऊन बसले होते. त्यांच्यापुढे तोच आय-९ अर्ज ठेवला गेला असणार. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, नागरिकत्व, कागदपत्राचा क्रमांक, मालकाची सही असे रकाने आहेत. मजुरी किती ठरली, याचा रकाना त्यात नाही.